आत्यांनी मीठ सोडलं

आमच्या नगरपालिकेत मुख्याधिकारी म्हणून कुणीही बदलून येवो, आत्या त्याला पहिल्याच सभेत जावई करून टाकायच्या. "या जावईबापू, बसा. चा घेतला का?" तो बिचारा नवीन, परीक्षा पास होऊन आलेला, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची. आजूबाजूला बघायचा, कुणी हसतंय का म्हणून. कुणी हसायचं नाही. हसणाऱ्याची आत्या मग दिवसभर पाठ सोडायच्या नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "बाहीरून येतो, आपण त्याची बडदास्त ठिवायची, आन् तो आपल्यालाच कायदा शिकवतो. जावई न्हाई तर काय मग?" एका साहेबांनी फार मनाला लावून घेतलं. मला साहेब म्हणा, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. आत्या म्हणाल्या, "बरं, जावईसाहेब." विषय तिथंच संपला.

आत्या म्हणजे माझ्या एकटीच्या नव्हेत, साऱ्या जुन्नरच्या आत्या. लग्न होऊन आळे गावाच्या बाजूला गेल्या होत्या. नवरा लवकर गेला, पोटी काही राहिलं नाही, आणि माहेरी परतल्या त्या कायमच्या. धाकट्या भावाच्या घरात मागची एक खोली त्यांची होती. भावाला गाव तात्या म्हणायचं. पालिकेच्या मार्केटमध्ये तात्यांचे गाळे, भांड्यांचा मोठा धंदा, आणि पालिकेतही ते वजनदार मेंबर. आत्याही मेंबर. बहीण-भाऊ एकाच घरातून निघायचे आणि सभागृहात समोरासमोर बसायचे.

आता आमच्याकडे लेकीचा कायदा वेगळा आणि सुनेचा वेगळा. सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, थोरामोठ्यांसमोर बसायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. लेकीला यातलं काही लागू नाही. ती बोडक्या डोक्यानं भर पेठेतून हिंडेल, पारावरच्या म्हाताऱ्याला नावानं हाक मारेल, कुणाच्याही चुलीपाशी जाऊन बसेल. आत्या साठीला टेकल्या तरी लेकच होत्या. नगराध्यक्षांना त्या "बाळ्या" म्हणायच्या, आणि नगराध्यक्ष खुर्चीतून "काय ग आत्या" म्हणायचे. सभेत त्यांना आवरायचं म्हणजे अवघड काम. नियम दाखवला की म्हणायच्या, "त्यो तुमच्या सुनांना दाखवा."

त्या सुनांपैकी एक मी. बायकांना राखीव जागा आल्या, आमचा वॉर्ड त्यात गेला, आणि घरात माझ्या नावाचा फॉर्म भरला गेला. मिस्टर म्हणाले, "तू काळजी करू नको, तुला काही करायचं नाही." खरंच काही करायचं नव्हतं. सभेत समोरच्या रांगेत माझे चुलत सासरे बसायचे. ते हात वर करतील तेव्हा मी करायचा, ते खाली घेतील तेव्हा घ्यायचा. निवडून आल्यापासून मी त्या सभागृहात एक शब्द बोलले नव्हते. खोकला आला तरी पदरात तोंड घालून खोकायचे. आत्या माझ्या शेजारी बसायच्या, विषयपत्रिकेचा कागद वळून त्याचा पुडा करायच्या, त्यात शेंगदाणे ओतून माझ्यापुढे धरायच्या. "खा ग सूनबाई. बोलायला बंदी हाये, खायला न्हाई."

कुठलाही विषय निघो, आत्यांचा प्रश्न एकच. "बाळंतीण तितवर चालत जाईल का?" रस्त्याचं डांबरीकरण निघालं, हाच प्रश्न. दिवाबत्ती निघाली, हाच प्रश्न. वेशीजवळ स्वागत कमान उभारायचं ठरत होतं तेव्हा त्या म्हणाल्या, "कमानीखालनं बाळंतीण बिगीबिगी पोचंल का? मग बांधा." इंजिनियर साहेब नकाशा गुंडाळून खाली बसले. लोकांना वाटायचं म्हातारी चक्रम आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि त्या शाली! त्या दिवसांत आमच्याकडे सत्कारांची साथच आली होती. कुणी चेअरमन झाला, शाल-श्रीफळ. कुणाचा मुलगा फौजदार झाला, शाल-श्रीफळ. कुणी नुसता मुंबईहून आला तरी शाल-श्रीफळ. आत्या कार्यक्रम संपायच्या आधीच मांडवाच्या दारात उभ्या राहायच्या. सत्कारमूर्ती हसत बाहेर आली की हात पुढे. "दे हिकडं. घरी चार पडल्यात तुझ्या." नाही कोण म्हणणार? त्या साऱ्या शाली पालिकेच्या प्रसूतिगृहात जायच्या. जन्मलेलं पोर कुणाचं का असेना, डोंगरातल्या वाडीवरचं असो नाहीतर मेंढरामागं फिरणाऱ्या धनगराचं, त्याला जरीकाठी शालीत गुंडाळून आईच्या कुशीत द्यायचं. "ही आमदाराच्या सत्काराची हाये बरं का, लई बोलंल पोरगं. रडाया लागलं तर माइक काढून घ्या." टाके दुखत असतानाही बाया हसायच्या. मी तर म्हणते, त्या काळातलं अर्धं जुन्नर सत्कार होऊनच जन्माला आलं.

प्रसूतिगृह काही मोठं नव्हतं. कौलारू इमारत, थोड्या खाटा, एक सिस्टर, एक आया, आठवड्याला ठरलेल्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरीणबाई. पण बाजारपेठेच्या मागेच होतं. भाजीची पाटी उतरवून बाई तिथं चालत जाऊ शकत होती. आत्या रोज सकाळी डब्यात मेतकूट-भात नाहीतर हळिवाची खीर घेऊन तिथं हजर. सिस्टरला दटावायच्या, सासवांना दटावायच्या, मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलेल्या बापाला तर बाहेरच्या बाकावरून उठवून द्यायच्या. एकदाच मला त्यांनी स्वतःचं सांगितलं, तेही शेंगा फोडता फोडता. "माझं लेकरू आळेफाट्यापतूर पोचलं व्हतं. बैलगाडीत घातलं व्हतं मला. जवळ दवाखाना असता तर आज तुझ्याएवढी सून असती." मग टरफलं झटकून त्या उठल्या. 

अशात जकात बंद झाली. नाक्यावरचे आडवे बांबू निघाले, ट्रकवाले खूश, आणि पालिकेच्या तिजोरीत खडखडाट. सरकारचं अनुदान येणार होतं, पण त्यात पगार आणि पाणी भागेल, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असा सगळा मामला. डिसेंबरच्या सभेत जावईबापू उभे राहिले. नेकीचा माणूस होता. त्यांनी स्वच्छ सांगितलं की आता काहीतरी बंद करावं लागेल नाहीतर कुठून तरी उत्पन्न वाढवावं लागेल. बंद करण्यात पहिलं नाव प्रसूतिगृहाचं. सरकारी दवाखाना आहेच की, असं कुणीतरी म्हणालं. आत्या म्हणाल्या, "हाये की. पार दुसऱ्या टोकाला हाये. रिक्षाचं भाडं हाये का तिच्यापाशी?"

मग वाढवायचं काय, यावर गाडी आली. पाणीपट्टी वाढवा म्हटलं तर निवडणूक जवळ. बाजारातल्या भाजीच्या पाट्यांवरची फी वाढवा, असं माझे चुलत सासरे म्हणाले. ते ऐकून आत्यांनी पुडा खाली ठेवला. "म्हंजे कोथमिरीच्या जुड्या इकणाऱ्या बाईनं भरायची व्हय? आन् मार्केटातल्या गाळ्यांचं भाडं आमच्या लग्नापास्नं हाये तेवढंच. ते वाढवा की." गाळे कुणाकुणाचे होते ते सगळ्यांना माहीत होतं. तात्यांनी बहिणीकडे पाहिलं नाही. विषय अंदाजपत्रकाच्या सभेत घेऊ, असं ठरलं, आणि जो तो चपला शोधायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून आत्यांनी मीठ सोडलं.

मला हे तात्यांच्या मंडळींकडून कळलं, मारुतीच्या देवळात. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. काकी बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या. "अक्कांसाठी येगळी अळणी भाजी काढावी लागतीय ग. भाकरीच्या पिठातबी मीठ नको म्हंत्यात. इचारलं तर म्हंत्यात, माझं मी बघून घेईन." गावात तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, नवस बोलल्यात. कुणी म्हणालं, बीपी वाढलंय. तात्या काळजीत पडले. भावाचं बहिणीवर प्रेम होतं, यात शंका नको. लहानपणी तिच्याच कडेवर वाढलेला माणूस तो. डॉक्टरला घरी घेऊन आले, तर आत्यांनी डॉक्टरलाच चहा पाजून वाटेला लावलं. पुण्याला गेले तेव्हा सैंधव घेऊन आले, हे चालतं म्हणाले. "सैंधवबी मीठच," आत्या म्हणाल्या, आणि कोरडी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

मला कोडं पडलं ते वेगळंच. दुपारच्या आत्या माझ्याकडे यायच्या आणि आल्या आल्या लोणच्याची बरणी मागायच्या! लिंबाचं लोणचं, खारातली मिरची, पापड, काय वाटेल ते. बोटं चाटून पुसून खायच्या. मी म्हटलं, "आत्या, तुमचं बीपी माझ्या उंबऱ्यापाशी उतरतं की काय?" त्या खदखदून हसल्या. "आगं, तुझ्या घरचं चालतंय मला." मी आपली म्हणाले, असेल काही म्हातारीचं खूळ. संक्रांत आली, तिळगूळ झाला, होळीची लाकडं गोळा व्हायला लागली, तरी त्यांचं अळणी चालूच. चेहरा उतरला होता. भावाच्या घरात त्या आता पुढच्या सोप्यातही बसेनाशा झाल्या होत्या.

अंदाजपत्रकाच्या सभेला तोबा गर्दी. गाळेवाले दारात उभे, खिडकीत उभे. मिस्टर मला सकाळी म्हणाले होते, "तुझ्या चुलत सासऱ्यांवर नजर ठेव, ते करतील तसं कर." मी बसले. शेजारी आत्या. आज शेंगदाणे नव्हते. विषय पुकारला तशा त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी ठराव मांडला, की गाळ्यांचं भाडं वाढवावं, आणि त्यातून जे येईल ते आधी प्रसूतिगृहाला द्यावं, उरलं तर बाकीच्यांनी भांडावं. पाठ केल्यासारखं शुद्ध बोलल्या. जावईबापूंकडून शिकून आल्या होत्या म्हणे.

तात्या उठले. सुरुवातीला नीट बोलले. धंदे कसे बसलेत, पुण्याची गिऱ्हाइकं कशी तुटलीत, उधाऱ्या कशा अडकल्यात. सगळंच खोटं होतं असं नाही. मागून गाळेवाले "बराबर, बराबर" करत होते. आत्या म्हणाल्या, "तात्या, तुझं लेकरू, तुझ्या लेकीचं लेकरू, समदी तितंच झाली. मी बाहीर बाकावर बसून व्हते." तेव्हा मात्र त्यांचा तोल गेला. एवढा सभ्य माणूस, पण भर सभेत ओरडले, "अक्का, माझ्या घरात ऱ्हातीस! खाल्ल्या मिठाला तरी जाग!"

आत्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "कुठलं मीठ रे? घरी जाऊन तुझ्या बायकूला इचार. त्या सभेपास्नं तुझ्या घरचा मिठाचा कण तोंडात घातला न्हाई मी. ज्याचं मीठ खायाचं त्याच्याइरुद्ध हात वर करायचा न्हाई, बानं शिकवलंय आपल्याला. म्हणून सोडलं. आता हात वर करायला मोकळी हाये मी."

अगं बाई! लोणच्याची बरणी आठवली आणि मला माझीच लाज वाटली. इतके दिवस ही बाई भावाचं मीठ पोटातून काढून टाकत होती, त्याच्याशी इमानानं भांडता यावं म्हणून. तात्या खाली बसले. त्यांचं तोंड पाहवत नव्हतं. भाड्याचं राहिलं बाजूला, आपल्या घरात आपली बहीण अळणी जेवत होती ते आपल्यामुळं, हे त्या माणसाला आत कुठंतरी जाऊन लागलं होतं.

नगराध्यक्षांनी घसा साफ केला. "ठरावाला अनुमोदन कुणाचं?"

कुणाचंच नाही. आम्हा बाकीच्या मेंबरांपैकी एकानं तरी अनुमोदन द्यायला हवं होतं, नाहीतर ठराव तिथंच पडणार. जो तो टेबलाकडे बघत होता. नगराध्यक्षांनी पुन्हा विचारलं. आत्या उभ्याच होत्या, एकट्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित माझा धीर सुटला असता. मी उठले, पदर डोक्यावर होताच, तो नीट केला आणि म्हणाले, "माझं अनुमोदन आहे." माझाच आवाज मला परका वाटला. चुलत सासरे वळून बघायला लागले. मी खाली बसले. पण एकदा आवाज फुटल्यावर मग काय? मागून दुसरी एक मेंबरीण म्हणाली, "माझंबी." तीही कुणाची तरी सूनच. जावईबापू मान खाली घालून लिहीत होते. त्यांचे डोळे भरले होते असं मला वाटलं, पण मी खात्री देणार नाही.

ठराव थोडक्या मतांनी पास झाला. पुढचं सांगून टाकते. गाळेवाले वर्षभर धुसफुसले, एकदोघांनी कोर्टाची भाषा केली, मग हळूहळू भरायला लागले. प्रसूतिगृहाला कौलांच्या जागी नवे पत्रे पडले, डॉक्टरीणबाई रोज यायला लागल्या. दोन हजार साल उलटून गेलं, आमची मुदत संपली, दुसरे मेंबर आले, तरी खाटा भरलेल्याच होत्या. माझी धाकटी तिथंच झाली. मिस्टर महिनाभर माझ्याशी तुटक वागले, आणि पुढच्या निवडणुकीत स्वतःच सांगत फिरले, "आमच्या हिनं अनुमोदन दिलं, म्हणून झालं." पुरुषांचं असंच असतं.

पण त्या दुपारी सभा सुटली तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तात्या कुणाशी न बोलता निघून गेले होते. आत्या पायरीवर थांबल्या आणि माझा हात घट्ट धरला. "सूनबाई, घरापतूर चल माझ्यासंगं." जन्मात कुणाला न भ्यायलेली बाई, त्यांचा तळवा गार पडला होता. वाटेत एवढंच म्हणाल्या, "घराबाहीर काढलं तर परसूतीगृहात एक खाट मागंन. म्हातारीला कोण न्हाई म्हणंल?" हसायला गेल्या, पण हसू काही आलं नाही.

दार उघडंच होतं. तात्या सोप्यात पाटावर बसले होते, पुढे ताट वाढलेलं, पण हात लावला नव्हता. शेजारी दुसरा पाट मांडलेला, रिकामा. आत्या उंबऱ्यातच थांबल्या. मीही मागे पदर सावरून उभी. काकी आतून वाटी घेऊन आल्या, रोजच्या सवयीनं, अळणी भाजीची.

"ती नको," तात्या म्हणाले. "आपल्यातली वाढ."

आत्या म्हणाल्या, "तात्या, इचार कर. पुढल्या साली पाणीपट्टीचा इषय येतोय. तवा मी कुठल्या बाजूला आसंन, मला ठावं न्हाई. आत्ता मीठ खाल्लं तर पुन्ना सोडावं लागंल."

तात्यांनी मान वर केली. रडले होते, लपवतही नव्हते. "आगं येडे, हे मीठ माझं हाये व्हय? आपल्या बाचं घर, बाची चूल, बाचंच मीठ. जेवढं माझं, तेवढंच तुझं. खा, आन् पायजे तेवढ्यांदा माझ्याइरुद्ध हात वर कर. पण पुन्ना माझ्या घरात अळणी जेवलीस तर बघ."

आत्या आत आल्या. भावाच्या शेजारच्या पाटावर बसल्या. काकींनी वांग्याची भाजी वाढली, थोडी ताटाबाहेर सांडली. आत्यांनी भाकरी मोडली, पहिला घास घेतला, डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिल्या. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्यांनी घास गिळला, पदरानं डोळे पुसले आणि काकींकडे वळून म्हणाल्या, "काय ग, मीठ कमी पडलंय."